बायॉसचा ताळा

संगणकाच्या मदरबोर्डचा बायॉस अपडेट करायला निघालेला माणूस ओळखायला फार सोपा. त्याच्या संगणकाला काहीही झालेलं नसतं. ज्याचा संगणक खरोखर रडतखडत चालतो, त्याला आपल्या घरात बायॉस नावाची वस्तू आहे हेच ठाऊक नसतं. तो कॅबिनेटला एक थाप मारतो आणि पुढच्या कामाला लागतो. बायॉसपर्यंत पोचतात ती सुखवस्तू माणसं. विंडोज ताजं, अँटिव्हायरसची वर्गणी भरलेली, कीबोर्डच्या फटींतले शेवेचे तुकडे टूथब्रशने काढून झालेले. आता राहिलं काय? मग एक दिवस कुठल्याशा खिडकीत बायॉसची तारीख दिसते, ती जुनी निघते, आणि त्या घरावर संकट यायला सुरुवात होते.

माझे साडू याच पंथातले. एका बँकेच्या तपासणी खात्यात उभी हयात घालवून ते निवृत्त झाले. निवृत्त झाले ते बँकेतून, तपासणीतून नाही. दूधवाल्याच्या कार्डापासून सोसायटीच्या टँकरच्या पावत्यांपर्यंत सगळीकडे त्यांची हिरवी शाई पोचलेली आहे. संगणक खरं तर त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. तो इंजिनिअरिंगला आहे, आणि अभ्यासाला विटेएवढं ग्राफिक कार्ड लागतंच, हे त्याने आईला पटवलेलं आहे. पण तो कॉलेजात गेला की यंत्राचा ताबा साडूभाऊंकडे.

‘दोन वर्षं प्रलंबित आहे,’ त्यांनी मला फोनवर सांगितलं. ‘मधल्या सगळ्या आवृत्त्या आपण घेतलेल्याच नाहीत.’

‘नवीन आवृत्तीत काय आहे, साडूभाऊ?’

‘सिस्टिमची स्थिरता सुधारली आहे.’

‘आधी अस्थिर होती का?’

‘तसं आढळलं नाही. पण तशी नोंद आहे.’

ही नोंद मी तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी पाहिली. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या बायॉसची नवी फाइल काढतात आणि तिच्याखाली एक ओळ लिहितात, की स्थिरता सुधारली. कुणाची, कशी, आणि मागच्या खेपेला सुधारली होती तिचं पुढे काय झालं, हे नसतं. शेजारीच काही कंपन्या असंही छापतात की, तुमचा संगणक नीट चालत असेल तर बायॉसला हात लावू नका. एकाच कंपनीने एका हाताने वाढायचं आणि दुसऱ्या हाताने पान झाकायचं. साडूभाऊंनी दोन्ही वाक्यं वाचली होती. त्यांच्या मते पहिलं वाक्य म्हणजे आदेश आणि दुसरं म्हणजे जबाबदारी झटकणं. तीस वर्षं परिपत्रकं वाचलेल्या माणसाचं मत होतं, आणि मला ते खोडता येईना.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात काही नाट्य नाही. दुपारची वेळ, भाचा कॉलेजात, पडद्यावर पट्टी पुढे सरकते आहे, खाली लाल अक्षरांत लिहिलेलं की वीज बंद करू नये. वीज कुणी बंद केली नाही. ती गेली. गेली आणि लगेच आली; पंख्याचा वेगही फारसा उतरला नाही. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच संपलेली होती, आणि साडूभाऊंच्या पत्नीने, म्हणजे ताईंनी, त्याच्यावर मनी प्लांट ठेवलेला असल्यामुळे ते हिरव्या शाईच्या नजरेतून सुटलं होतं. यूपीएसने एकदा ‘पीं’ केलं. त्याला तेवढंच येत होतं.

आता या पट्टीच्या आड काय चाललेलं असतं ते सांगणं भाग आहे. मदरबोर्डवर एका कोपऱ्यात तांदळाच्या दोनचार दाण्यांएवढी, आठ पायांची एक चिप असते. प्रोसेसर कितीही महागाचा आणा, जागा झाल्यावर त्याला काहीही ठाऊक नसतं. मेमरी कुठे, डिस्क कुठे, पडदा कुठे, सगळा अंधार. इंटेल घराण्याच्या परंपरेत त्याला फक्त एक पत्ता तोंडपाठ असतो, ४ जीबीच्या टोकाच्या १६ बाइट अलीकडचा, आणि त्या पत्त्यावर ही चिप बसलेली असते. तिच्यातला मजकूर त्याला हाताला धरून बाकीच्यांकडे नेतो. हा मजकूर म्हणजे बायॉस. आजकाल त्याचं शास्त्रोक्त नाव यूईएफआय आहे, पण ते म्हणतं कोण?

१९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा हा मजकूर अवघा ८ केबी होता आणि रॉममध्ये कायमचा कोरलेला होता. बदलायचा तर चिपच उपटून दुसरी बसवायची. आयबीएमने तो सगळा मजकूर आपल्या तांत्रिक पुस्तिकेत ओळीनओळ छापूनही टाकला होता. (हे कळल्यावर साडूभाऊंच्या मनात आयबीएमबद्दल जो आदर निर्माण झाला, तो अजून टिकून आहे.) पुढे फ्लॅश मेमरी आली, मजकूर जागच्या जागी बदलता येऊ लागला, आणि माणसाला बदलता येतं म्हटल्यावर त्याने बदलायला घेतलं. आता तो मजकूर फुगून १६ एमबी, काही बोर्डांवर त्याहूनही जास्त, झाला आहे. त्यात चित्रं आहेत, माउस चालतो, पंख्याच्या वेगाचे आलेख आहेत.

पण फ्लॅश मेमरीची एक खोड जुनीच आहे. तिच्यावर नवं लिहायचं तर त्या जागेवरचं जुनं आधी पूर्ण पुसावं लागतं, आणि पुसायचं तेही अक्षर-अक्षर नव्हे, गाळेच्या गाळे एकदम. म्हणजे जुन्या भाडेकरूने घर रिकामं करून किल्ल्या दिल्या, नव्याचा टेम्पो अजून सिंहगड रस्त्यावर अडकलेला, आणि मधल्या वेळात दारावर टपाल घेऊन पोस्टमन उभा. साडूभाऊंकडची वीज नेमकी त्या वेळात गेली.

‘तुम्ही या,’ त्यांनी मला बोलावलं. ‘तुम्ही लिहिता ना कॉम्प्युटरवर.’

गेलो. संगणक मेला होता म्हणावं, तर पंखे फिरत होते. मेमरीच्या पट्ट्यांवरचे रंगीत दिवे जांभळ्यातून हिरव्यात, हिरव्यातून लालात जात होते. भाच्याने त्यासाठी वेगळे पैसे मोजलेले होते. सगळी रोषणाई जागेवर. फक्त पडदा काळा. ताईंचं म्हणणं, लाइट लागतायत म्हणजे चालू आहे. विजेच्या बाबतीत त्यांचा अनुभव आमच्या दोघांपेक्षा जास्त असल्याने काही वेळ आम्हीही तसंच धरून चाललो.

मग सोसायटी आली.

आपल्याकडे बंद पडलेल्या संगणकावर जे उपचार होतात त्यांची एक ठरलेली परंपरा आहे, आणि ती घराघरांत सारखी आहे. पहिला उपचार खोडरबराचा. मेमरीची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. हसू नका, पट्टीचा संपर्क नीट होत नसेल तर हा उपाय खरोखर लागू पडतो, आणि पूर्वी इतक्यांदा पडलेला आहे की आता तो सगळ्याच आजारांवर देतात. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी स्वतःचं खोडरबर आणलं. चांगल्या कंपनीचं होतं. दुसरा उपचार: प्लग काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. हे करताना सगळे गप्प राहतात, ते का, मला कळलेलं नाही. तिसरा उपचार बॅटरीचा. बोर्डवर दहाच्या नाण्यापेक्षा लहान, सीआर २०३२ नावाची गोल बॅटरी असते, ती काढून थोड्या वेळाने परत लावायची.

हा तिसरा उपचार सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे ज्ञान असतं, ते मोडवत नाही. पण ती बॅटरी सांभाळते घड्याळ आणि आपण बदललेल्या काही सेटिंग्ज. तुम्ही मेमरीचा वेग नको तेवढा वाढवून बसलात, तर बॅटरी काढल्याने ते विसरलं जातं आणि बोर्ड शुद्धीवर येतो. इथे विसरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चिपमधला मजकूरच अर्धा नाहीसा झालेला, आणि त्याला बॅटरी लागत नाही. तरी ती तीनदा काढली गेली, कारण सोसायटीत तीन विंग आहेत.

संध्याकाळी भाचा आला. त्याने दारातूनच रंग बघितला आणि विचारलं, ‘बाबा, अपडेट केलंत?’

‘प्रलंबित होतं,’ साडूभाऊ म्हणाले.

भाच्याने कॅबिनेट उघडून टॉर्चचा प्रकाश टाकला आणि एक जागा दाखवली. मला ती पाहून कंपन्यांच्या हिशेबीपणाची कमाल वाटली. बायॉसच्या चिपशेजारी दुसऱ्या तशाच चिपसाठी चौकट छापलेली होती. आठ पायांसाठी आठ रुपेरी ठिपके होते. चिप नव्हती. पलीकडे मागच्या बाजूला एका बटणाचीही जागा होती; बटण नव्हतं. याच बोर्डच्या थोरल्या, महाग भावाला दोन्ही असतात. एक बायॉस मेला की दुसरा उठतो. किंवा ते बटण दाबलं की प्रोसेसर नाही, मेमरी नाही, नुसत्या स्टँडबाय विजेवर बोर्ड पेनड्राइव्हवरून नवा बायॉस स्वतःमध्ये भरून घेतो. त्यालाही अटी आहेत. पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा हवा, फाइलचं नाव कंपनी सांगेल तेच हवं, आणि तो चौकट आखलेल्या त्याच एका भोकात खुपसायला हवा. पण निदान उपाय आहे. माझं स्पष्ट मत असं की, हे बटण आधी स्वस्त बोर्डांना द्यायला हवं. महागडा बोर्ड घेणाऱ्याकडे इन्व्हर्टर असतो, जास्तीचा लॅपटॉप असतो आणि बहुधा स्वतः अपडेट न करण्याचा शहाणपणाही असतो. गरज असते ती मनी प्लांटवाल्यांना. अलीकडे मधल्या किमतीच्या बोर्डांवरही ही बटणं दिसू लागली आहेत, हे कंपन्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी बोर्ड काढून पुरणपोळीच्या डब्यातून तो बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत नेला. तिथे वायर, दिवे, पंखे, सोल्डरिंगच्या कांड्या यांच्या गर्दीत ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ अशी पाटी लावलेली एक माडी सापडली. पहिल्या माणसाने बोर्ड हातातही न घेता सांगितलं, ‘गेला. नवा टाका.’ त्याच्या मागे बसलेल्या, भिंग डोक्यावर चढवलेल्या वयस्कर कारागिराने मात्र मान वर केली. ‘काय, बायॉस मारताना लाइट गेले का?’ हे त्याने इतक्या सहज विचारलं की साडूभाऊंना अपमानच झाल्यासारखं वाटलं. आपल्या दुर्घटनेला काही वेगळेपण नाही, हे तपासनिसाला सहन होत नाही.

त्या कारागिराने बोर्ड बाजूला ठेवून आधी आम्हाला १९९९ सालचा एप्रिल ऐकवला. तो खरोखर घडलेला आहे. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी एक व्हायरस लिहिला होता. त्याच्याच आद्याक्षरांवरून त्याला सीआयएच म्हणतात. २६ एप्रिल उजाडला की तो जागा व्हायचा. हीच चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटाची तारीख असल्याने लोकांनी त्याचं बारसं चेर्नोबिल म्हणून केलं. तो डिस्कचा सुरुवातीचा एक एमबी शून्यांनी भरून टाकायचा, आणि ठरावीक जातीच्या बोर्डांवर, मुख्यतः इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटच्या, बायॉसही खरडून काढायचा. तोपर्यंत सॉफ्टवेअर बिघडलं तर हार्डवेअरला काही होत नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. गंमत अशी की आपण आज ज्यांचे बोर्ड घेतो त्या एसूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक या कंपन्याही तैवानच्याच. रोग आणि बोर्ड एकाच बेटावरून.

‘तेव्हा आम्ही चालू बोर्डवर चिप बदलायचो,’ कारागीर म्हणाला. ही करामत मी पुस्तकात वाचली असती तर थाप समजलो असतो. तेव्हा बायॉसची चिप खोबणीत बसवलेली, उपटता येण्याजोगी असायची. तसाच दुसरा, धडधाकट बोर्ड घ्यायचा. त्याच्यावर संगणक सुरू करायचा. सुरू झाला की बायॉसचं मुख्य काम संपलेलं असतं. मग, चालू संगणकातून, त्याची चिप अलगद उपटायची आणि तिथे मेलेली चिप दाबून बसवायची. आता बायॉस लिहिण्याचा प्रोग्रॅम चालवला की तो बापडा समोर दिसेल त्या चिपवर लिहितो. चिप चटकन निघावी म्हणून काही जण आधीच तिच्याखालून दोरा ओवून ठेवत. मध्ये एखादा पाय दुसऱ्याला टेकला तर एकाचे दोन बोर्ड दुरुस्तीला. कारागिराचं असं किती वेळा झालं, ते साडूभाऊंनी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. भिंग खाली घेतलं.

‘ठेवून जा, परवा देतो,’ तो म्हणाला. त्याने सांगितलेली मजुरी काही शेकड्यांत होती, म्हणजे नव्या बोर्डच्या मानाने काहीच नाही. कुणीही शहाण्याने तिथे हो म्हटलं असतं. पण साडूभाऊंनी विचारलं, ‘लिहिल्यानंतर पडताळणी कोण करतं?’

‘चालू झाला म्हणजे झालं ना, साहेब.’

एवढ्यावर साडूभाऊंनी डबा उचलला. ‘चालू झाला म्हणजे झालं,’ असं म्हणणाऱ्या शाखांवर त्यांनी आयुष्यभर शेरे मारले होते.

म्हणून काम घरीच झालं. भाच्याने सीएच ३४१ ए नावाच्या चिपचा, यूएसबीत खुपसायचा एक प्रोग्रॅमर मागवला आणि त्याच्याबरोबर आठ दातांचा एक चिमटा. या प्रोग्रॅमरची काळ्या पट्टीची जी आवृत्ती सगळीकडे मिळते तिचा लौकिक बरा नाही. ज्या चिपला चार व्होल्टही जड, तिच्या तारांवर ती पाच व्होल्ट सोडते. भाच्याने व्होल्टेज बदलायची कळ असलेली मागवली होती. दुसरा संगणक हवा, तो माझा लॅपटॉप. ‘तुम्ही लिहिता ना’ याचा अर्थ मला तेव्हा कळला.

पहिला प्रश्न, चिप कुठल्या व्होल्टेजची? ती बोर्डला सोल्डर केलेली, तिच्यावरची अक्षरं मुंगीच्या मापाची. विनबॉन्ड कंपनीच्या २५ क्यू १२८ या चिपमध्ये नावाच्या शेवटी ‘एफव्ही’ असेल तर ती ३.३ व्होल्टची आणि ‘एफडब्ल्यू’ असेल तर १.८ व्होल्टची. एका अक्षरावर चिपचं मरण. साडूभाऊंनी कपाटातून, ज्याने सह्या तपासत ते भिंग काढलं. खिडकीशी नेऊन, बोर्ड तिरका करून, चष्म्यावर भिंग धरून बराच वेळ पाहिलं. ‘व्ही,’ ते म्हणाले. ‘डब्ल्यूची खाडाखोड नाही.’ मग भाच्याने चिमट्याची लाल तार चिपवरच्या ठिपक्याशी जुळवली आणि चिमटा लावला.

आणि इथून पुढे, हे सांगायला हवं, त्या घरात जे झालं ते संगणकाचं काम राहिलंच नाही.

‘आधी आहे ते वाचून ठेवायचं,’ भाचा म्हणाला. ‘मेलेलं असलं तरी. बोर्डचा स्वतःचा पत्ता, नंबर, त्यातच असतात. आणि दोनदा वाचायचं. दोन्ही फाइली जुळल्या तरच चिमटा नीट लागलाय.’

साडूभाऊ उभे राहिले. ‘दोनदा वाचायचं?’

‘हो, बाबा.’

‘आणि ताळा घ्यायचा?’

‘हो.’

‘मग हे कुणी आधी सांगितलं नाही!’ ते आत जाऊन टॉवेल टाकून सदरा घालून आले. खुर्ची ओढली, वही उघडली, हिरवं पेन काढलं. बँकेतून निघाल्यापासून त्या माणसाला इतकं टवटवीत मी पाहिलं नव्हतं.

फ्लॅशरॉम नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम भाच्याने चालवला. फाइल आली. साडूभाऊंनी तिचा आकार मोठ्याने वाचला: १,६७,७७,२१६ बाइट. एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा. १६ एमबी म्हणजे नेमके इतकेच. वहीत टिक. दुसऱ्यांदा वाचलं, आकार तोच. भाच्याने दोन्हींची एसएचए २५६ काढली. फाइलीचा असा चौसष्ट अक्षरी अंगठा निघतो, आणि आत एक बाइट जरी हलला तरी तो ओळखू न येण्याइतका बदलतो. अंगठे जुळले नाहीत.

‘फरक आहे!’ साडूभाऊ ओरडले. ताई स्वयंपाकघरातून पोळी अर्धी सोडून आल्या. त्यांना वाटलं संगणक सुरू झाला.

चिमटा तिरका बसला होता. पुन्हा लावला, पुन्हा वाचलं, पुन्हा फरक. बोर्डवर बसलेल्या चिपला चिमट्यातून वीज दिली की ती वीज बोर्डच्या बाकीच्या भागांतही झिरपते आणि वाचन गढूळ होतं. म्हणून हा प्रकार कंटाळवाणा आहे आणि काही जण सरळ चिप सोडवून बाहेर काढतात. भाचा वैतागत चालला होता. साडूभाऊ प्रत्येक फरकाला नव्याने खुलत होते. शेवटी दोन वाचनं जुळली. भाचा म्हणाला, दोन्ही सारखी आहेत असं संगणकच सांगतोय. साडूभाऊंनी ऐकलं नाही. ‘ज्याने काम केलं त्यानेच तपासलं, याला तपासणी म्हणत नाहीत.’ मग एक अंगठा त्यांनी वाचला आणि दुसरा मी. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं. मधे ताईंनी जेवायला वाढू का विचारलं, तर आम्हाला पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

पुढे कंपनीची मूळ फाइल उघडली. ती २०४८ बाइट मोठी निघाली. ‘हे कशाबद्दल?’ हिरवं पेन थांबलं. भाच्याने समजावलं की कंपनी फाइलीला वर एक टोपी घालते. आपली सही-शिक्का वगैरे. ती अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. चिपवर थेट लिहायचं तर टोपी काढायची, नाहीतर सगळा मजकूर खाली सरकतो आणि प्रोसेसरच्या तोंडपाठ पत्त्यावर भलतंच काही येतं. साडूभाऊंना पटलं. पण टोपी त्यांनी वेगळ्या फाइलीत जपून ठेवायला लावली.

आता आमच्याकडे दोन फाइली होत्या, एक मेलेली आणि एक हवी होती ती. भाच्याने त्या शेजारी शेजारी उघडल्या. आकड्यांच्या ओळी. साडूभाऊंनी वरून खाली बोट फिरवत सुरुवात केली. कितीतरी पानं दोन्हीकडे तंतोतंत सारखी. मग उजवीकडे आकडे चालू राहिले आणि डावीकडे नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ. फ्लॅश मेमरी पुसली की प्रत्येक बाइट एफएफ होतो. म्हणजे इथपर्यंत नवं लिहून झालेलं, आणि पुढचा गाळा पुसला होता पण भरला नव्हता.

साडूभाऊंनी पेनाचं टोक पडद्याला टेकवलं. ‘इथे,’ ते म्हणाले, ‘लाइट गेले.’

वहीत त्यांनी तो पत्ता लिहिला आणि त्याच्याखाली दुहेरी रेघ मारली. कुठल्याही शाखेत त्यांना अफरातफरीची जागा एवढी नेमकी सापडली नसेल.

लिहिण्याचं काम सुरू झालं तेव्हा माझ्या लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, चार्जरही लावलेला होता, आणि तरी ताईंनी मिक्सर, गिझर आणि इस्त्री बंद ठेवली. मनी प्लांट खाली उतरवलेला होता. फ्लॅशरॉम आधी पुसतो, मग लिहितो आणि लिहून झालं की स्वतःहून पुन्हा वाचून पडताळतो. शेवटी त्याने एकच शब्द दिला: व्हेरिफाइड. साडूभाऊंनी मान हलवली. प्रोग्रॅम लिहिणारा कोण असेल तो असो, माणूस खात्यातलाच आहे, असं त्यांचं मत पडलं. मेलेल्या फाइलीतून बोर्डचा नेटवर्कचा पत्ता भाच्याने नव्या मजकुरात आधीच बसवून दिला होता. तसं न केलेल्या काही बोर्डांचा पत्ता जवळजवळ नुसत्या आठांची रांग होऊन बसतो, आणि मग घरात तसे दोन झाले की राउटर गोंधळतो.

बोर्ड कॅबिनेटमध्ये गेला. बटण दाबलं. एकदा सुरू होऊन बंद पडला, पुन्हा सुरू झाला. नव्याने जागा झालेला बोर्ड मेमरीची ओळख करून घेताना असं करतो, पण त्या मिनिटाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी खिशातून खोडरबर काढलं होतं. मग पडद्यावर कंपनीची मुद्रा उमटली. भाच्याने टाळी मारायला हात वर केला, तो तसाच राहिला. साडूभाऊ अजून तपासत होते.

विंडोज उघडल्यावर त्यांनी भाच्याला सिस्टिमची माहिती काढायला लावली. बायॉसची आवृत्ती: नवी. तारीख: नवी. दोन टिका. मेमरी, प्रोसेसर, टिक, टिक. मग बोट एका ओळीवर थांबलं. अनुक्रमांकाच्या रकान्यात अनुक्रमांक नव्हता. तिथे इंग्रजीत लिहिलेलं होतं: टू बी फिल्ड बाय ओईएम.

‘हे आपण लिहिताना गेलं का?’

‘नाही बाबा. पहिल्यापासून असंच आहे. मेलेल्या फाइलीतही तसंच होतं. खूप बोर्डांवर असं असतं. कारखान्यात ते भरायचं असतं, कुणी भरत नाही.’

‘म्हणजे रकाना रिकामा ठेवून माल बाहेर गेला?’

‘हो.’

‘आणि हा ओईएम कोण?’

‘म्हणजे... ज्याने बनवला तो.’

साडूभाऊंनी वहीचं पान उलटलं, वर तारीख घातली आणि डाव्या बाजूला समास पाडला. ‘पत्ता सांग,’ ते भाच्याला म्हणाले. ‘तैवानचा पिनकोड धरून.’